खडूचे डोळे

(रात्र. जवाहर मार्ग. समोरून येणारी वाहनं. पडद्यावर नुसते पांढरे गोळे.)

कॅमेऱ्यात बिघाड नाही. इंदूरच्या जवाहर मार्गावर रात्री साडेआठला उभं राहिलं की असंच दिसतं. यातली स्कूटर कुठली, मोटारसायकल कुठली, ओळखा पाहू. दिव्यामागे माणूस होता हे तो शेजारून निघून गेल्यावर कळतं.

(दिवस. छोटी ग्वालटोली. छताला टांगलेल्या क्लच-केबल, बल्बमागे बसवायची रबरी टोपणं म्हणजे ‘बूट’, इंडिकेटर.)

छोटी ग्वालटोली, सरवटे बस स्टँडच्या शेजारी. हे दुचाकींच्या सुट्या भागांचं आठ बाय दहा फुटांचं दुकान. मालक रामबागेतले. गिऱ्हाइकाशी हिंदी, घरून फोन आला की मराठी, आणि गंजलेल्या स्क्रूशी दोन्ही. आजचं गिऱ्हाईक मात्र लोकमान्य नगरातले एक काका, त्यामुळे मराठीच चालू आहे.

काकांची गाडी शंभर सीसीची, 2008 सालची. दर शनिवारी खंडवा रोडने बडवाहला बहिणीकडे जातात, परतायला रात्र होते. डिप्पर, म्हणजे खाली पडणारा झोत, गेलाय; अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा, तेवढा लागतो. बरोबर पुतण्या आहे आणि पुतण्याच्या हातात खोकं: एलईडी बल्ब, मागे चिमुकला पंखा लावलेला.

“हा लावा, काका. रस्त्यावर दिवस पडतो.”

“तुम्हाला दिसेल हो,” मालक म्हणतात. “समोरच्याचं काय?”

(जवळून: तेलाचा पत्र्याचा डबा. आत उडालेले बल्ब.)

या डब्यापाशी जरा थांबू. आम्हीही इथेच सगळ्यात जास्त वेळ काढला.

मालक मेलेला बल्ब लगेच फेकत नाहीत, आधी वाचतात. हा बघा, आतून काळपट आरसा धरलेला. फिलामेंट टंगस्टनची. तापून पांढरी झाली की तिचे कण सुटतात. हॅलोजन बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीन असतं, ते या कणांना काचेवर बसू न देता पुन्हा फिलामेंटकडे आणून सोडतं. म्हणजे बल्ब स्वतःची डागडुजी स्वतःच करत असतो. ती थांबली की काच काळी पडते.

हा दुधाळ पांढरा. काचेला चीर गेली, हवा आत शिरली, टंगस्टन जळून त्याची राख बसली. आणि या काचेवर फोड आलाय. कुणीतरी बसवताना बोट लावलं होतं. बोटाचं तेल क्वार्ट्झच्या काचेवर भाजतं आणि तेवढीच जागा जास्त तापते. बल्ब धातूच्या कॉलरला धरायचा. काचेला हात लागलाच तर स्पिरिटने पुसायचा.

आणि हा होल्डर. वितळून मेणबत्तीसारखा ओघळलाय. कुणीतरी हौसेने 100/90 वॅटचा (अप्पर 100, डिप्पर 90) बल्ब लावला होता. 35 वॅटला बारा व्होल्टवर तीन अँपिअर लागतात, शंभरला आठाच्या वर. वायर त्याच, स्विच तोच, मध्ये जड प्रवाह सोसणारा वेगळा स्विच, म्हणजे रिले, नाही.

(दोन बल्ब तळहातावर शेजारी शेजारी.)

हे दोघे जुळे वाटतात. दोघांना तीन पिना, दोन फिलामेंट. डावीकडचा एचएस-1, 35/35 वॅट, मोटारसायकलींसाठी घडवलेला. उजवीकडचा एच-4, 60/55 वॅट, मोटारींचा आणि काही मोठ्या बुलेटींचा. कित्येक डूममध्ये, म्हणजे हेडलाईटच्या वाटीत, एच-4 एचएस-1च्या जागी बसतोही, म्हणून तर फसगत होते. कॉलरवरचं वाचायचं: आकडा, वॅट आणि वर्तुळातला ‘ई’, म्हणजे मान्यतेची खूण.

आता आत बघा. पुढच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी पळी आहे. हाच डिप्पर. पळी खालचा उजेड अडवते, त्यामुळे तो रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर येतो. डिप्परची सगळी करामत त्या पळीत आहे. डूमचा आकारही तिथे तेवढीच फिलामेंट असणार असं धरून घडवलेला. पुतण्याच्या एलईडीत चकत्या जाड दांड्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या आहेत. उजेड मुबलक, पण नेमक्या जागेवरून निघत नाही. ज्या नव्या गाड्यांचा अख्खा दिवाच एलईडीसाठी बनवलेला असतो, त्यांची गोष्ट वेगळी.

(काका किक मारतात. दिवा मंद. रेस देताच उजळतो.)

दिवा श्वास घेतोय. या गाडीत हेडलाईट बॅटरीच्या डीसी विजेवर नाही, मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, एसी विजेवर चालते. इंजिन मंद, तर उजेड मंद. अशा गाडीत 60 वॅटचा बल्ब लावला तर कॉइल धापा टाकते. आणि एलईडी लावली तर लुकलुकते. “एसीचं डीसी करून देऊ का?” हे वाक्य या गल्लीत दिवसभर ऐकू येतं. या दुकानात नाही.

(रात्र. दुकानामागची भिंत. मालक टेपने अंतर मोजतात, मग खडूने दोन डोळे काढतात.)

हे डोळे आमच्या सांगण्यावरून काढलेले नाहीत, मालकांची ही रोजची पद्धत. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, नियम 106: दिव्यापासून 8 मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर जो डोळा असेल, तो दिपता कामा नये. नियम कागदावर असतो, यांनी तो भिंतीवर आणलाय.

आधी एलईडी, वेगळ्या बॅटरीवर. डिप्पर.

(थांबा. पाच सेकंद निवेदन नाही.)

डोळे दिसेनासे झाले. भिंतही.

मग एच-4. रेषा ठीक, पण इंजिन मंद झालं की पिवळट. मग एचएस-1. खाली उजेड, वर काळोख, मध्ये सरळ कड. डोळे अंधारात, पण आहेत तिथेच.

खंडवा रोडवरच्या भेरूघाटाच्या वळणावर त्या एलईडीसारखा दिवा समोरून आला की काय होतं, ते आम्ही चित्रित केलेलं नाही. काकांनी बाही वर केली, तेवढं आहे.

(जवळून: बाही. मग हात, पान्हा, रबरी बूट.)

एचएस-1च बसवायचा ठरला. पण बल्ब बदलला म्हणजे काम झालं असं नाही. मालक आधी कपलरच्या, म्हणजे बल्बमागच्या प्लगच्या, पत्र्या घासतात, मग अर्थची वायर. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर हॅलोजनचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. त्यामुळे “बल्बच कमजोर आहे” म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी बऱ्याच जणांना या दुकानात बल्ब न विकताच परत पाठवतात. दुकान आठ बाय दहाचंच का राहिलं, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं. उलट व्होल्टेज पाच टक्के वाढलं तर बल्बचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून महिन्या-महिन्याला बल्ब उडत असेल तर आधी व्होल्टेज आवरणारं आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) तपासायचं. 1 एप्रिल 2017 पासूनच्या दुचाकींना तर दिवा बंद करायचं बटणच नाही. त्यांचा बल्ब भर दुपारीही जळत असतो.

बल्ब कॉलरला धरून आत. क्लिप. बूट.

“काका, बसा गाडीवर.”

माणूस बसला की मागचं शॉकअप दबतं, दिवा वर बघायला लागतो. म्हणून रिकाम्या गाडीचं सेटिंग खोटं. काका बसले. मालक डूमखालचा स्क्रू फिरवतात. कड भिंतीवरून उतरते... अजून... डोळ्यांच्या खाली.

पुतण्या कोपऱ्यात उभा आहे, मोबाईलवर. खोकं परत करायची मुदत उद्यापर्यंत आहे.