पाठ टेकल्यानंतरची कुस्ती

नमस्कार, श्रोतेहो. पाठ टेकली की कुस्ती संपली, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण पाठ टेकल्यावरच जिथे खरी झुंज सुरू होते, अशा खेळात एक कसलेली मल्ल उतरली. तिची आज गोष्ट.

रितू फोगाट. गाव हरियाणातलं बलाली, महावीर फोगाट वडील आणि वस्तादही, गीता-बबिता थोरल्या बहिणी. २०१७ मध्ये पोलंडला झालेल्या २३ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत तिने ४८ किलो गटात रौप्यपदक जिंकलं. आणि २०१९ मध्ये, टोकियो ऑलिंपिक तोंडावर आलेलं असताना, ती कुस्ती सोडून सिंगापूरला मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती आणि हात-पाय पिरगाळण्याचे डाव असं सगळं चालणारा खेळ, शिकायला गेली. हे अनेकांना रुचलं नाही. मलाही तेव्हा हळहळ वाटली होती. आज वाटत नाही.

कारण तिने जे धाडस केलं, ते सोपं नव्हतं. याच खेळाच्या २०२१ च्या ग्रां प्री नावाच्या बाद-फेरी स्पर्धेत चीनची मेंग बो आणि फिलिपिन्सची जेनेलिन ओलसिम या दोघींना तिने कुस्तीच्याच जोरावर हरवलं. पट काढायचा, म्हणजे वाकून पाय धरायचे, खाली घ्यायचं, वरून दाबून ठेवायचं.

३ डिसेंबरला सिंगापुरात अंतिम लढत झाली, थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सशी. स्टॅम्प मूळची मुए थाई या थाई बॉक्सिंगची, लाथाबुक्क्यांत तरबेज. खाली घेतली की संपली, असं आपल्याला वाटणार. पण ती जिउ-जित्सूही शिकली होती, म्हणजे जमिनीवर पाठ टेकलेली असतानाही हात-पाय अडकवून हरवण्याची कला. दुसऱ्या फेरीत तिने रितूचा हात धरला. हा डाव नीट समजून घ्या: मनगट छातीशी ओढायचं, दोन्ही मांड्यांत दंड आवळायचा आणि कंबर वर उचलायची. कोपर उलट्या दिशेला वाकू लागतं. हात मोडण्याआधी थाप मारून हार पत्करावी लागते. रितूने पत्करली.

जन्मभर वरून दाबायला शिकलेल्या मल्लाचा हात सवयीनेच पुढे जातो, आणि या खेळात तोच हात सापडतो. यात तिची ताकद कमी पडली असं मी म्हणणार नाही. चीत झालेला माणूस अजून लढतोय, हे अंगात मुरायला दोन-अडीच वर्षं फार थोडी आहेत.

म्हणून आपल्या तालमींतल्या वस्तादांना माझी एक विनंती आहे. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी चीत झालेल्या पोराला लगेच उठवू नका. तिथूनच पुढे पाच मिनिटं दोघांना खेळू द्या.