नाकातोंडात पाणी आणि सूटबूटवाले

नमस्कार मंडळी! तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मोबाईलवर एक फोटो कधीतरी येऊन गेला असणार. करडी करडी टकली माणसं, कोट घातलेली, घोळका करून पाण्यात उभी, कुणाच्या छातीपर्यंत पाणी तर कुणाच्या पार हनुवटीपर्यंत, आणि खाली ओळ की नेतेमंडळी ग्लोबल वॉर्मिंगवर चर्चा करतायत. मलाही आलेला, मी हसले, लगेच चार ग्रुपवर टाकला, वाटलं कुठल्यातरी तळ्यातले मोठ्ठे पुतळे असतील.

तळं कसलं हो! बर्लिनच्या रस्त्यावरचं डबकं ते, २०११ सालचं, आणि ती माणसं जेमतेम वीतभर, सिमेंटची. करणारा इसाक कोर्दाल, स्पेनमधल्या गॅलिशियाचा शिल्पकार. आणि गंमत म्हणजे ती ओळ त्याची नाहीच, नेटवर कुणीतरी चिकटवली अन् तीच चालली. त्याच्या मालिकेचं नाव 'फॉलो द लीडर्स', म्हणजे चला पुढाऱ्यांच्या मागे. मला विचाराल तर हे जास्त झोंबतं, कारण यात नुसते पुढारी बुडत नाहीत, मागून जाणारे आपणही आलो.

पद्धत म्हणाल तर आधी मातीत माणूस घडवायचा, मग सिलिकॉनचा साचा, साच्यात सिमेंट. पेणच्या गणपती कारखान्यात डोकावलेल्यांना साच्याचं वेगळं सांगायला नको. सिमेंटच का? तर माणसाने निसर्गावर जे थापलंय त्याचेच बाहुले, सोपं आहे. २००६ पासून हा उद्योग चाललाय, आणि खरी कारागिरी मला वाटतं जागा शोधण्यात आहे, गटाराची जाळी, भिंतीचा कठडा, बस स्टॉपचं छप्पर, कुठेही एक थकलेला बाबू बसवून ठेवायचा, बोर्ड नाही, नाव नाही, दिसला तर दिसला, मोबाईलमध्ये मान घालून चालणाऱ्याला तर नाहीच दिसणार.

२०१३ मध्ये फ्रान्सच्या नाँत शहरात त्याने भर चौकात तब्बल २००० च्या आसपास माणसं मांडली, सिमेंटच्या पडक्या शहरात. पण माझी आवडती त्याच्या आदल्या वर्षीची, बेल्जियमच्या किनाऱ्यावरची. वाळूत रोवलेले उंच लाकडी खांब, आणि टोकावर ही इवलीशी सूटवाली माणसं, काहींच्या कमरेला पोहायची रिंगही चढवलेली. नाव काय, तर 'वेटिंग फॉर क्लायमेट चेंज'. समुद्र वर यायची वाट बघत निवांत बसलेत!