अमेरिकेच्या काँग्रेसला जाब कोण विचारणार?

(न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

मला बोलायला सांगताना कार्यकारिणीने एकच अट घातली होती, कुठल्या पक्षाचा प्रचार नको. अट मान्य आहे. पण मतं माझी आहेत आणि ती मी स्पष्टच मांडणार आहे. कुणाला पटली नाहीत तर जेवताना माझ्याशी जरूर भांडा.

गेल्या बुधवारी, १२ नोव्हेंबरला, इथल्या केंद्र सरकारचं बंद पडलेलं कामकाज सुरू झालं. ४३ दिवस ते बंद होतं. याआधीचा सगळ्यात लांबलेला शटडाऊन २०१८-१९ च्या हिवाळ्यातला, ३५ दिवसांचा. या काळात विमान वाहतूक सांभाळणारे कंट्रोलर पगाराविना कामावर येत राहिले. नेवार्कसह ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली. नोव्हेंबर उजाडला आणि गरीब घरांना किराण्यासाठी मिळणारी स्नॅपची मदत अडकली. आपल्यापैकी अनेकांना याची झळ वेगळ्या दारातून लागली. श्रम खात्याचा परदेशी कामगारांचा विभाग जवळजवळ अख्खा ऑक्टोबर बंद, त्यामुळे पर्मचा, म्हणजे ग्रीन कार्डाच्या पहिल्या पायरीचा, अर्ज करता येईना, एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी लागणारा एलसीए, म्हणजे श्रम खात्याची मंजुरी, मिळेना. नोकरी बदलायला निघालेली आपली मुलं मधल्या मध्ये लटकली.

आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर चर्चा कुणाची? ट्रम्प काय म्हणाले, ट्रम्प आता काय करतील. चार वर्षांपूर्वी बायडेन यांचं वय, त्याआधी पुन्हा ट्रम्प, त्याआधी ओबामा. आपलं सगळं राजकारण एका माणसाभोवती फिरतं. पण तिजोरीच्या किल्ल्या संविधानाने व्हाइट हाउसला दिलेल्याच नाहीत. त्या काँग्रेसकडे आहेत, म्हणजे इथल्या संसदेकडे. दरवर्षी १ ऑक्टोबरच्या आत खर्चाची १२ विधेयकं मंजूर करणं हे तिचं पहिलं काम. सध्याची पद्धत १९७० च्या दशकात सुरू झाली. तेव्हापासून हे काम वेळेत पुरं झालं ते फक्त चार वेळा, शेवटचं १९९६ मध्ये. या काळात दोन्ही पक्ष सत्तेवर येऊन गेले, त्यामुळे दोष कुणा एकाच्या गळ्यात घालता येत नाही.

शटडाऊनच्या काळात प्रतिनिधिगृह, म्हणजे काँग्रेसचं कनिष्ठ सभागृह, काय करत होतं? १९ सप्टेंबरला मतदान करून सभासद घरी गेले ते १२ नोव्हेंबरपर्यंत मतदानाला परतलेच नाहीत. ॲरिझोनात २३ सप्टेंबरला पोटनिवडणूक झाली, ॲडेलिटा ग्रिहाल्वा निवडून आल्या. सभापती माइक जॉन्सन यांनी त्यांना तब्बल ५० दिवस शपथ दिली नाही. एका मतदारसंघात सरासरी साडेसात लाखांहून जास्त माणसं असतात. इतक्या माणसांना जवळजवळ दोन महिने प्रतिनिधीच नव्हता, तोही त्यांनी मतदान केल्यानंतर. मला याचा संताप येतो, आणि ग्रिहाल्वा कुठल्या पक्षाच्या आहेत याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: या देशात नेतृत्वाचा खरा दुष्काळ काँग्रेसमध्ये आहे. राष्ट्राध्यक्ष अधिकार ओढून घेणार, तो त्या पदाचा स्वभावच आहे. काळजीची गोष्ट ही की काँग्रेस ते अधिकार आपण होऊन सोडून देते आहे, आणि मतदार म्हणून आपण तिला त्याबद्दल जाब विचारत नाही.

आयात शुल्काचंच बघा. संविधानाच्या पहिल्या कलमात, आठव्या विभागात, कर आणि आयात शुल्क बसवण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे, स्वच्छ शब्दांत. ट्रम्प यांनी १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्याचा आधार घेऊन जगभरच्या मालावर शुल्क लावलं. त्या कायद्यात शुल्काचा शब्दसुद्धा नाही. २७ ऑगस्ट २०२५ ला बऱ्याचशा भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागलं. अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिने घडवणाऱ्या कारागिरापासून इथे एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना ते भोवलं. सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबरला यावर युक्तिवाद झाला. निकाल काहीही असो, पण प्रकरण न्यायालयापर्यंत जायची वेळच का यावी?

आणीबाणी उठवण्याचा ठराव काँग्रेसमध्ये कुणीही आणू शकतं, आणि समितीला तो १५ दिवसांत निकालात काढावा लागतो. १९७६ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. कॅनडा, मेक्सिको आणि चीनवरच्या शुल्कासाठी जाहीर केलेल्या आणीबाणीविरुद्ध असा ठराव येणार हे दिसताच, मार्च २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाने बहुमताने एक नियम केला: या ठरावापुरते अधिवेशनाचे उरलेले दिवस 'दिवस' म्हणून मोजायचे नाहीत. सूर्य उगवतो, मावळतो, पण दिवस मोजला जात नाही. कशासाठी? तर आपल्याला मतदान करावं लागू नये म्हणून. राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने किंवा विरुद्ध हात वर करायची हिंमत नसलेल्या माणसांना आपण कायदे करायला पाठवलं आहे.

रिपब्लिकनांवरच, म्हणजे ट्रम्प आणि जॉन्सन यांच्या पक्षावरच, बोलतोय असं कुणाला वाटत असेल, तर पुढे ऐका. लहानपणी इथे आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठीचं ड्रीम ॲक्ट विधेयक डिसेंबर २०१० मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, ५५ विरुद्ध ४१ मतांवर अडलं, कारण तिथे चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं लागतात. २०१२ मध्ये ओबामांनी प्रशासकीय आदेशाने त्या मुलांना संरक्षण दिलं. त्या मुलांबद्दल मला मनापासून कळवळा आहे. पण तेरा वर्षं झाली, ती अजून कोर्टाच्या तारखांवर जगताहेत, कारण आदेश म्हणजे कायदा नव्हे. बायडेन यांनी २००३ च्या एका कायद्याचा अर्थ ताणून सुमारे ४०० अब्ज डॉलरची विद्यार्थी कर्जं माफ करायचा घाट घातला, तो सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये रद्द केला. युद्धाचं तेच. काँग्रेसने शेवटचं युद्ध जाहीर केलं १९४२ साली. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, सगळं पाहिलंत. माफीचा अधिकार मात्र पूर्णपणे राष्ट्राध्यक्षाचा, आणि तो दोघांनीही वाईट वापरला असं माझं मत आहे. बायडेन यांनी मुलाला माफ केलं, ट्रम्प यांनी ६ जानेवारी २०२१ ला संसद भवनावर झालेल्या हल्ल्यातल्या सुमारे १५०० जणांना. यातली दुसरी माफी देशाला जास्त महागात पडेल.

आता आपल्या घरातली गोष्ट. ग्रीन कार्डची रांग.

नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं आणि एका देशाला जास्तीत जास्त ७ टक्के, हे आकडे १९९० च्या कायद्यातले आहेत. त्या वर्षी जन्मलेली माणसं आज पस्तिशीची झाली, आकडा तिथेच. या १,४०,००० मध्ये बायकोमुलंही धरली जातात. कुठलाही राष्ट्राध्यक्ष, कितीही भारतप्रेमी असला तरी, हे सहीने बदलू शकत नाही. ते फक्त काँग्रेस बदलू शकते. आणि ती बदलण्याच्या अगदी काठावर आली होती, हे इथे किती जणांना आठवतं? जुलै २०१९ मध्ये देशनिहाय मर्यादा काढण्याचं विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. दोन्ही पक्षांनी मिळून. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने त्याचाच आपला मसुदा एकमताने मंजूर केला. दोन मसुद्यांचा मेळ घालायचा राहिला, जानेवारीत त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयकही संपलं. तेव्हा आपण कुणाला फोन केला? कुठल्या सिनेटरच्या दारात उभे राहिलो? त्या महिन्यात आपण सगळे जॉर्जियाच्या निवडणुकीवर आणि ट्रम्प निकाल मान्य करतात की नाही यावर बोलत होतो.

याची किंमत कोण भरतं तेही सांगतो. माझ्या ओळखीच्या घरातली एक मुलगी चौथ्या वर्षी पुण्याहून आली. बालवाडीपासून इथेच शिकली. पुढच्या वर्षी एकवीस पूर्ण झाली की आईवडिलांच्या अर्जातून तिचं नाव गळणार. मग विद्यार्थी व्हिसा, नाहीतर ज्या देशाची भाषा ती अडखळत बोलते तिथे परत. बापाने पंधरा वर्षं कर भरला आहे. हे कुठल्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात बसत नाही, म्हणून ते तसंच पडून आहे.

आदेशावरचं जगणं किती कच्चं असतं ते आपण १९ सप्टेंबरच्या शुक्रवारी पाहिलं. संध्याकाळी एच-१बीसाठी एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला, रविवारपासून लागू. सुट्टीवर गेलेल्यांना कंपन्यांचे संदेश गेले, ताबडतोब परत या. विमानात बसलेली माणसं खाली उतरली. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना आहे. एच-४वाल्यांपैकी, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांपैकी, काहींना काम करायची परवानगीही २०१५ मध्ये अशाच प्रशासकीय नियमाने मिळाली. ती उद्या दुसऱ्या नियमाने काढून घेता येते.

मग चांगलं नेतृत्व कसं दिसतं? माझ्या डोळ्यांसमोर इमॅन्युएल सेलर येतात. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलं नसेल. ब्रुकलिनचे डेमोक्रॅट, १९२३ ते १९७३ अशी पन्नास वर्षं प्रतिनिधिगृहात. १९२४ मध्ये आशियाई लोकांना जवळजवळ पूर्ण दार बंद करणारा कायदा आला, तेव्हा या नवख्या सभासदाने सभागृहात उभं राहून त्याला विरोध केला आणि तो हरला. १९४६ मध्ये कनेटिकटच्या रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस यांना बरोबर घेऊन त्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळवून दिला, वर्षाला १०० जणांच्या प्रवेशासह. आणि १९६५ मध्ये, पहिल्या विरोधानंतर एकेचाळीस वर्षांनी, राष्ट्रीयत्वावर आधारलेला जुना कोटा मोडणाऱ्या कायद्यावर त्याचं नाव लागलं. सही तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची, लिबर्टी बेटावर, ३ ऑक्टोबरला. मंडळी, आपण आज या सभागृहात बसलो आहोत ते त्या कायद्यामुळे. एकेचाळीस वर्षं एकच प्रश्न लावून धरणारा माणूस मला शंभर सभा गाजवणाऱ्या नेत्यापेक्षा मोठा वाटतो.

आपल्याकडे नेत्यावर जीव ओवाळून टाकायची सवय आहे, ती आपण सामानाबरोबर इथेही आणली. बाबासाहेब आंबेडकर इथून तासाभरावरच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती ही अधोगतीची आणि अखेर हुकूमशाहीची वाट आहे. ट्रम्पभक्तांना ते लागू आहे, आणि ओबामांच्या फोटोपुढे हळवे होणाऱ्यांनाही.

आता करायचं काय? न्यू जर्सीतच शिकण्यासारखं उदाहरण आहे. इथे वर्षानुवर्षं प्राथमिक निवडणुकीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीच्या, मतपत्रिकेवर पक्षाच्या काउंटी म्हणजे जिल्हा पुढाऱ्यांनी निवडलेले उमेदवार एका रांगेत छापले जायचे आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. अँडी किम सिनेटला उभे राहिले, त्यांनी या 'काउंटी लाइन'वर दावा लावला आणि मार्च २०२४ मध्ये न्यायाधीशांनी डेमोक्रॅट मतपत्रिकेवरची ती रांग थांबवली. पिढ्यान् पिढ्या 'हे असंच असतं' म्हणून सोडून दिलेली गोष्ट काही आठवड्यांत बदलली. आपल्या बहुतेक मतदारसंघांत नोव्हेंबरचा निकाल आधीच ठरल्यासारखा असतो. खरी निवड जूनच्या प्रायमरीत होते, आणि तिथे मतदान इतकं कमी की एखाद्या मोठ्या मंडळाचे सभासद एकगठ्ठा उतरले तर उमेदवाराला दखल घ्यावीच लागते.

दुसरं, आपल्या प्रतिनिधीचं स्थानिक कार्यालय बघून या. मी गेलो होतो. दंतवैद्याच्या दवाखान्याशेजारी दोन खोल्या. पंचविशीतली एक मुलगी टेबलाशी. तिने आधी नाव विचारलं नाही, झिप कोड विचारला. मग विषय, मग बाजूने की विरुद्ध, आणि संगणकावर नोंद केली. आठवड्याच्या शेवटी ती मोजदाद वॉशिंग्टनला जाते. मी विचारलं, ग्रीन कार्डच्या देशनिहाय मर्यादेवर किती फोन येतात? ती म्हणाली, फारसे नाही. ज्या भागात इतकी घरं या रांगेत आहेत, तिथे! या कार्यालयात जायला नागरिकत्व लागत नाही. एच-१बीवर असाल तरी जा, तुम्ही त्या मतदारसंघात राहता एवढं पुरेसं आहे. मत द्यायला आणि नाव नोंदवायला मात्र नागरिकत्व लागतंच. ग्रीन कार्डवाल्यांनी चुकूनही नोंदणीचा फॉर्म भरू नये, पुढे फार जड जातं.

आणि उभे राहा. स्कूल बोर्डाची निवडणूक पक्षविरहित असते, आणि आपल्या मालमत्ता कराचा सगळ्यात मोठा वाटा शाळांनाच जातो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार आज डेट्रॉइटचे प्रतिनिधी म्हणून काँग्रेसमध्ये बसतात. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत, पण मराठी माणूस तिथवर जातो हे आता सिद्ध झालं आहे.

पुढच्या वर्षी २ जूनला प्रायमरी आहे. कुठल्याही पक्षात नाव नसलेल्यांना मतदानाच्या दिवशी केंद्रावरच पक्ष निवडता येतो. एप्रिलमध्ये आपल्या भागातल्या दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना मंडळाने याच सभागृहात बोलवावं, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे लेखी दिला आहे. त्यांना ट्रम्पबद्दल काय वाटतं हे विचारण्यात वेळ घालवू नका. ७ टक्क्यांची मर्यादा काढण्याच्या विधेयकाचे सहप्रस्तावक होणार का, आणि आणीबाणीच्या ठरावावर मतदान व्हावं म्हणून स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाणार का, हे दोनच प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत माइक सोडू नका.