नव्या मांजरासाठी दार कधी उघडावे?

सभ्य श्रोतेहो,

दत्तक घेतलेल्या मांजराविषयी पशुवैद्याला पहिला प्रश्न खाण्याचा विचारतात आणि दुसरा ‘याला बाहेर कधी सोडायचे?’ हा. पहिल्याचे उत्तर पाच मिनिटांत देता येते. दुसऱ्याला मी कित्येक वर्षे ‘तीन आठवडे थांबा’ एवढेच उत्तर देत असे आणि मोकळा होत असे. पुण्यातल्या पेठेत जुन्या वाड्यात राहणाऱ्या एका कुटुंबाने माझे सांगणे तंतोतंत पाळून एकविसाव्या दिवशी दार उघडले. त्यांची भाटी अंगणात आली, शेजारी कुणीतरी पिंप आपटले तशी बुजून पत्र्यावर चढली आणि चार दिवस खाली उतरली नाही. मागाहून चौकशी केली तेव्हा समजले की त्या एकवीस दिवसांपैकी बहुतेक दिवस तिने कपाटाखालीच काढले होते. मी ते आधी विचारायला हवे होते, आणि विचारले नव्हते.

तीन-चार आठवड्यांचा हा आकडा आपल्याकडे मुख्यतः ब्रिटनमधल्या प्राणिसंस्थांच्या सल्ल्यातून आला. तिथे मांजराने बाहेर जाणे गृहीतच धरलेले असते, रस्त्यावर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या नसतात आणि पाळीव जनावरांत रेबीजही नाही. याउलट ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात 1 जुलै 2022 नंतर जन्मलेल्या मांजराला मालकाच्या आवाराबाहेर मोकळे सोडणेच कायद्याने बंद आहे. म्हणजे ‘कधी’ या प्रश्नाचे उत्तर ‘कुठे’ यावर बरेच अवलंबून असते, आणि पुण्यातल्या गल्लीसाठी लंडनच्या परसाचा आकडा जसाच्या तसा उचलणे धोक्याचे आहे. तो किमान काळ म्हणून ठीक आहे. तीन आठवड्यांच्या आत दार उघडूच नये. त्यानंतर कधी उघडावे, हे मात्र मांजराकडे पाहून ठरवावे.

कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे, असे आपल्याकडे म्हणतात. नकोसा झालेला बोका पोत्यात घालून नदीपलीकडे सोडला आणि आठवड्याने तोच चुलीपाशी येऊन बसला, ही गोष्ट कोकणात किंवा देशावर ज्याने ऐकली नाही असा माणूस विरळा. (असे सोडून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे जाता जाता सांगतो.) या गोष्टीचे आपल्याला कौतुक वाटते, पण दत्तक घेणाऱ्याने ती उलट्या बाजूने वाचली पाहिजे. तो बोका ज्या घरी परत आला ते त्याचे जुने घर होते. आपण आणलेल्या मांजरालाही एक जुने घर आहे, मग ते एखाद्या दुकानामागचे खोके का असेना. आणि दार लवकर उघडले तर ते तिकडेच निघेल. जुनी जागा एक-दोन किलोमीटरच्या आत असेल, तर मी आता सरळ सहा ते आठ आठवडे थांबायला सांगतो.

घर मांजराचे होते म्हणजे नेमके काय होते, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. मांजर जागा ओळखते ती मोठ्या अंशी वासाने. त्याच्या गालांत, कपाळावर, हनुवटीखाली आणि पंजांत गंधग्रंथी असतात. ते दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला गाल घासते तेव्हा आपल्याला ते लाडात आले आहे असे वाटते, आणि ते खोटेही नाही. पण त्याबरोबरच ते त्या वस्तूवर स्वतःचा वास लावत असते. नव्या घरात पहिल्या दिवशी सगळेच वास परके असतात, म्हणून ते लपते. अशा वेळी त्याला सगळे घर दाखवत फिरवण्याऐवजी एकच खोली द्यावी: एका कोपऱ्यात पाणी आणि खाणे, दुसऱ्या कोपऱ्यात शी-शूसाठी मातीची किंवा ‘लिटर’ची (मांजरांसाठी विकत मिळणाऱ्या शोषक दाण्यांची) पाटी, लपायला एखादे खोके, आणि त्याने आधी वापरलेले, न धुतलेले फडके. खोली आपली झाली की ते आपणहून दाराशी येऊन बसते. मग दुसरी खोली, मग स्वयंपाकघर. ज्या मांजराने घरातल्या चार खोल्या अजून आपल्याशा केल्या नाहीत, त्याला पाचवी खोली म्हणून सगळा मोहल्ला देण्यात अर्थ नाही.

त्यामुळे तारखेऐवजी मी आता चार गोष्टी विचारतो. ते उघड्यावर, लोकांच्या येण्याजाण्यात झोपते का? ठरलेल्या वेळी पूर्ण जेवते का? तुमच्याकडे येताना शेपूट सरळ उभी असते का? आणि हाक मारल्यावर येते का? यातली शेवटची गोष्ट बाकीच्या तिन्हींपेक्षा महत्त्वाची, कारण बाहेर गेल्यावर आपल्या हातात तेवढी एकच दोरी उरते. खाणे देताना दर वेळी एकच नाव, किंवा डब्यातल्या दाण्यांचा एकच खुळखुळाट, असे पंधरा दिवस केले तर बहुतेक मांजरे शिकतात. शेजघरातून हाक मारली आणि ते गच्चीतून धावत आले, असे दहापैकी नऊ वेळा होईपर्यंत दाराची कडी काढू नये.

शरीराची तयारी हा भाग मात्र वाटाघाटीचा नाही. पिल्लांना पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तीन विषाणूंविरुद्धची एकत्रित लस आठव्या-नवव्या आठवड्यापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देतात, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचे वय झाल्यावर पडावा लागतो. रेबीजची लस बाराव्या आठवड्यानंतर. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, तेव्हा ‘आमच्या अंगणात दुसरे मांजर येतच नाही’ या म्हणण्याचा उपयोग नाही. नसबंदीविषयी तर मी कुणाचेच ऐकत नाही. भाटी चार महिन्यांची असतानाही माजावर येऊ शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. पुढे ती पिल्ले सात घरी फिरवते आणि आपण लोकांच्या हातापाया पडतो. बोक्याचे ऑपरेशन झाल्यावरही काही आठवडे तो पिल्ले देऊ शकतो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्याला मोकळे करू नये. ऑपरेशन न झालेला बोका लांब भटकतो आणि मारामाऱ्या करतो. मांजरांतला एड्ससदृश विषाणू, एफआयव्ही, मुख्यतः चाव्यांतूनच पसरतो. ज्याच्या रक्तात तो आढळला आहे त्या मांजराने घरातच राहावे. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरानेही, कारण त्यांत बहिरी बरीच असतात आणि मागून येणारी रिक्षा त्यांना कळत नाही.

मांजर तयार झाले, आता बाहेरचे काय? दार उघडण्याआधी मालकाने स्वतः मांजराच्या उंचीने आपल्या आवाराकडे पाहावे. कुत्री कुठे बसतात, भिंतीवर चढायला जागा आहे का, पळत परत यायला कायम उघडी फट कोणती, आणि शेजाऱ्यांनी उंदरांसाठी औषध ठेवले आहे का. ही शेवटची चौकशी लोक संकोचाने टाळतात. रक्त गोठू न देणारे उंदरांचे विष पोटात गेल्यावर लक्षणे तीन-चार दिवसांनी दिसतात, तोवर कुणालाच संशय येत नाही. काळे मांजर असेल तर आणखी एक मानवी धोका आहे: ‘आडवे गेले’ म्हणून दगड भिरकावणारी माणसे शहरातही आहेत.

चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत मात्र ‘कधी’ या प्रश्नाला माझे उत्तर ‘कधीच नको’ असे आहे, आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली नव्वद टक्के जगली, आणि तेव्हापासून ‘मांजराला काही होत नाही’ असा समज पसरला. पण ती दवाखान्यात आणलेली मांजरे होती. जी जागीच गेली, ती आकड्यात आलीच नाहीत. शिवाय जगलेल्या कित्येकांच्या छातीला, जबड्याला, पायांना इजा होती. कबुतरांची नायलॉनची जाळी मांजर फाडते; गॅलरीला तारेची जाळी लावून तिथे उंच फळी ठोकली, तर त्याला ऊन, वारा आणि कावळे तिथेच मिळतात. रोज दहा मिनिटे दोरीमागे पळवले की त्याची शिकारही भागते.

ज्यांच्याकडे बैठे घर आहे त्यांनी पहिला दिवस निवडताना दिवाळीचा आठवडा टाळावा, आणि धो धो पावसाचे दिवसही, कारण मांजराने लावलेल्या खुणा पावसात धुतल्या जातात. सकाळची वेळ घ्यावी आणि मांजर उपाशी असावे. जेवण बाहेरून परत आल्यावर द्यायचे. त्याला उचलून बाहेर ठेवू नये. दार उघडे ठेवून आपण पायरीवर बसावे आणि त्याला आपल्या पावलाने येऊ द्यावे, म्हणजे परतीची वाट त्याने स्वतः चाललेली असते. काही मांजरे उंबऱ्यावरच अर्धा तास बसतात. बसू द्यावे. दहा मिनिटांनी हाक, आत जेवण, दार बंद. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटे. गळ्यात पट्टा हवाच असेल तर ओढ बसताच सुटणारा घ्यावा, साधी दोरी फांदीत अडकून फास बसतो. दिवेलागणीच्या आत मांजर घरात असावे, हा नियम पहिल्या दिवसापासून कायमचा.

आणि एवढे करूनही ते आले नाही तर? लोक स्कूटर काढून दोन-तीन पेठा पालथ्या घालतात. हरवलेल्या हजाराहून अधिक मांजरांचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की सापडलेल्यांपैकी निम्मी घरापासून पन्नास मीटरच्या आतच सापडली. घाबरलेले मांजर हाकेलाही ओ देत नाही. ते श्वास रोखून जवळच दडून बसते. म्हणून आधी आपल्याच जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे, शेजारच्या बंद गॅरेजात पाहावे, आणि ते रात्री, रस्ता शांत झाल्यावर, हातात बॅटरी घेऊन. डोळे चमकतात.