पाण्यात बंद पडलेली मोटरसायकल

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात मोटरसायकल सांभाळायची तर करण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि न करण्यासारखी एकच आहे. ती आधी सांगून टाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर दाबायचा नाही. किक मारायची नाही. आणि धक्का मारून तर अजिबात चालू करायची नाही. हे का, ते सविस्तर सांगायचंच आहे, पण त्याआधी रोजच्या देखभालीचं थोडं उरकून घेऊ.

पहिली चेन. ज्यांची चेन पूर्ण कव्हरमध्ये आहे त्यांचं बरं असतं. उघडी असेल तर पावसाळ्यात दर 500 किलोमीटरला हात लावावाच लागतो. गाडी मेन स्टँडवर, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद. इंजिन चालू ठेवून चेन पुसणारे अजून दिसतात. फडकं स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, ओढलं जातं आणि त्याच्यामागे बोट जातं, म्हणून चाक हातानंच फिरवा. रॉकेल आता सहज मिळत नाही, चेन क्लीनरचा स्प्रे घ्या. पेट्रोल नको. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांत रबरी वळी बसवलेली चेन असेल तर पेट्रोलनं ते रबर खराब होतं. ब्रशनं घाण काढा, कोरडी पुसा आणि चेनच्या आतल्या बाजूनं 90 नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब सोडा. अर्ध्या तासानं वरचं तेल पुसून टाका, नाहीतर त्यावर रेती चिकटते आणि चेन घासली जाते. खालच्या बाजूला मधोमध बोटानं वर-खाली केलं की साधारण 20 ते 30 मिलिमीटर ढील हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ताणून बसवलेली चेन मजबूत असते हा गैरसमज आहे. ताणलेल्या चेनचा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

यावरून एक बोलतो. आपल्या ठाण्यात, नव्या मुंबईत सोसायटीत मोटारींना आखलेल्या जागा असतात आणि दुचाक्या गटाराच्या कडेला, हँडलला हँडल लावून. तिथं गाडी मेन स्टँडवर घेता येत नाही, मग चेनला तेल कोण आणि कुठे घालणार? इमारतीत दुचाक्या जास्त असताना त्यांच्यासाठी चार फरशांची मोकळी जागासुद्धा नसावी हे बरोबर नाही. सोसायटीच्या सभेत हा विषय जरूर मांडा.

असो. टायरची हवा गाडी थंड असताना बघा. दूरवरून येऊन पंपावर मोजलीत तर आकडा दोन-चार पॉइंट जास्त दिसतो आणि आपण उगाच हवा कमी करून घेतो.

आता मूळ विषय. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या गॅरेजांमधून पावसाळ्यात एक हकिगत सांगितली जाते. ती सांगितली की वेगळं काही शिकवावं लागत नाही.

दोन मित्र होते. कामाला ठाण्यात, राहायला ऐरोलीत. दोघांकडे एकाच मॉडेलची गाडी, 125 सीसी, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा डबा असलेली, जुन्या पद्धतीची. जुलै महिना, संध्याकाळची वेळ. कळव्याचा पूल ओलांडून विटाव्याला आले तर रेल्वे पुलाखाली पाणी. तुम्हाला ती जागा माहीत आहे, जरा जोराचा पाऊस झाला की तिथं साचतंच. पाणी चाकाच्या आसापर्यंत होतं. दोघांनी पहिला गिअर टाकला, अॅक्सिलरेटर एकसारखा धरला आणि निघाले. इथपर्यंत त्यांचं चुकलं नव्हतं. सायलेन्सर पाण्याखाली असला तरी इंजिन चालू असताना धुराच्या दाबानं पाणी आत शिरत नाही. धोका असतो तो हवा आत ओढायच्या तोंडाशी, म्हणजे सीटखालच्या एअर फिल्टरच्या डब्याशी. समोरून बस आली. तिच्या लाटेचं पाणी सीटपर्यंत चढलं. दोन्ही गाड्या घुर्र करून एकाच जागी बंद.

ढकलत ढकलत दोघं दिघ्याच्या बाजूला आले. तिथं एक म्हातारे मिस्त्री शटर ओढायच्या बेतात होते. एका मित्राचा अंगठा स्टार्टरवर गेला, तोच मिस्त्रींनी पुढं होऊन त्या बटणावर आपला तळवा ठेवला.

"काका, एकदा बघू द्या ना. लागली तर लागली."

"लागली तर तुझं नशीब, नाही लागली तर तुझा रॉड. आधी प्लग काढू दे."

दुसरा मित्र थांबला नाही. त्यानं बटण दाबलं. टक् असा आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी अडलं. त्याला वाटलं बॅटरी गेली. मग रस्त्यावरच्या दोघांना हाक मारली, दुसरा गिअर टाकला, धक्का मारायला लावला आणि क्लच सोडला. मागचं चाक हातभर फरपटलं, एक दणका बसला, आणि पुढच्या धक्क्याला गाडी चालू झाली. पांढरा धूर सोडत तो निघूनसुद्धा गेला.

मिस्त्रींनी पहिल्याला प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग, काढून दाखवला. चावी काढलेली, किल स्विच बंद, प्लगची टोपी भोकापासून लांब. हे मुद्दाम सांगतो, कारण ठिणगी पडली आणि पेट्रोलची वाफ बाहेर आली तर भडका उडतो. मग म्हणाले, आता हळू किक मार आणि तोंड बाजूला ठेव. किक मारली तशी प्लगच्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली, थेट टाकीच्या खालच्या बाजूवर. दुसऱ्या किकला परत. पाच-सहा किकनंतर नुसते तुषार यायला लागले.

"किती पाणी होतं रे हे?" मिस्त्रींनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "औषधाचे तीन चमचे. तेवढं पुरतं."

श्रोतेहो, हा हिशोब ऐकून ठेवा. 125 सीसीचं इंजिन, कॉम्प्रेशनचं प्रमाण दहास एक, म्हणजे पिस्टन खाली असतानाची सगळी जागा तो वर आल्यावर दहाव्या हिश्श्याइतकी उरते. पिस्टन अगदी वर आला की त्याच्या डोक्यावर उरणारी जागा असते साधारण 14 मिलिलिटर. औषधाचा चमचा 5 मिलिलिटरचा. म्हणजे तीन चमचे पाण्यानं ती सगळी जागा भरते. हवा दाबली की दबते. पाणी दबत नाही. दोन्ही वॉल्व्ह बंद, वर पाणी, खालून पिस्टन येतोय. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड, पिस्टनला खालून जोडलेला दांडा. सेल्फची मोटर लहान, ती बहुधा अडून थांबते. पण धक्क्यात गाडीचं आणि स्वाराचं वजन, म्हणजे दीड-पावणेदोनशे किलो, वेगासकट त्या एका रॉडवर येतं. म्हणून पुन्हा सांगतो, स्टार्टर नाही, किक नाही, धक्का तर नाहीच. आधी प्लग बाहेर.

पहिल्याच्या गाडीचं पुढचं काम तासाभराचं होतं. फिल्टरच्या डब्याच्या तळाशी एक रबरी नळी असते, तिचं बूच काढलं, पेलाभर गढूळ पाणी निघालं. आतला कागदी फिल्टर भिजून लिबलिबीत झाला होता. तो वाळवून परत चालत नाही, नवाच घालावा लागतो. कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल सोडलं. पाणी जड, ते तळाशी बसतं, म्हणून आधी पाणी आलं, मग पेट्रोल. गाडी चढावर तोंड करून उभी केली, सायलेन्सरमधलं पाणी मागून गळलं. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची कांडी, काढली. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत होतं. तसा रंग आला की पाणी ऑइलमध्ये मिसळलंय, आणि त्या ऑइलवर इंजिन चालवलं की बेअरिंग जातात. सगळं ऑइल काढलं, नवं घातलं, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये सोडलं, दोन-तीन किक मोकळ्या मारल्या, प्लग पुसून कोरडा करून बसवला. गाडी तिसऱ्या किकला लागली. पाच मिनिटं नुसती चालू ठेवली आणि ते नवं ऑइलही काढून टाकलं. राहिलेलं पाणी त्याच्याबरोबर जातं. मुलगा हळहळला, पण दोन वेळचं ऑइल म्हणजे दोन लिटरच्या आत काम.

दुसऱ्याची गाडी गणपतीपर्यंत चालली. रॉड थोडासाच वाकला होता. वाकलेला रॉड लांबीला कमी भरतो, कॉम्प्रेशन उतरतं, पिस्टन तिरका घासतो. आधी ऑइल पिऊ लागली, मग टक टक आवाज, आणि महापे एमआयडीसीच्या रस्त्यावर रॉड तुटून क्रँककेस, म्हणजे इंजिनचं खालचं कवच, फोडून बाहेर आला. इंजिनचं काहीच वाचलं नाही. मिस्त्री ही हकिगत सांगताना तो तुकडा दाखवतात, फळीवर ठेवलाय.

इंजेक्शनवाल्या, म्हणजे 2020 नंतरच्या, धुराच्या बीएस-6 नियमाच्या बहुतेक गाड्यांना हाच नियम. फक्त कार्बोरेटर नसल्यामुळे खाली सोडायला वाटी नाही, आणि चावी चालू असताना कुठलाही वायरचा जोड ओढायचा नाही. किक नसेल तर प्लग काढून वरचा गिअर टाका आणि मेन स्टँडवर मागचं चाक हातानं फिरवा, पाणी तसंही निघतं. काही पल्सरना दोन प्लग असतात, एनएस 200 ला तीन. सगळे काढा. तुमच्या प्लगला कोणत्या मापाचा पाना लागतो ते आजच बघून ठेवा. लहान गाड्यांना बहुतेक 16 चा लागतो, पण टूलकिटमधून तो पाना हमखास हरवलेला असतो.

उभी असलेली गाडी पाण्यात बुडाली तरी हेच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हासारखं पाणी पार्किंगमध्ये शिरलं तर बंद इंजिनातही सायलेन्सरमधून, फिल्टरमधून पाणी झिरपतं. सकाळी पाणी ओसरलं म्हणून बटण दाबू नका.

थोडा वेळ आहे तर ब्रेकचं. ड्रम ब्रेक पाण्यातून बाहेर आल्यावर जवळजवळ धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात पायब्रेक हलकासा दाबून शे-दोनशे मीटर चालवा, लायनर तापून कोरडे होतात. चाकाचं बेअरिंग बघायचं तर गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळ जाणवली किंवा फिरवताना खरखर आली तर बदला. आणि पावसात गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घट्ट बांधून ठेवू नका. आतला ओलावा अडकतो आणि खाडीकाठच्या हवेत, ऐरोली-वाशीकडे तर नटबोल्टांना लवकर गंज धरतो.

शेवटी विम्याचं. थर्ड पार्टी विम्यात तुमच्या स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात पुराचं नुकसान धरलं जातं, पण पाण्यात बंद पडलेलं इंजिन चालू करायला गेल्यानं रॉड वाकला तर कंपनी बहुधा पैसे देत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम घ्यावं लागतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, कागद काढून बघा. आणि गाडी बुडालीच, तर जागेवरून हलवण्याआधी पाणी कुठवर चढलंय त्याचा फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टेम्पोत घालूनच गॅरेजला न्या.

नमस्कार.