नळाखालची वीस मिनिटे

भांडे कलंडले, उकळते पाणी मनगटापासून कोपरापर्यंत सांडले आणि दोन-तीन सेकंदांत ओघळून खालीही गेले. पाहणाऱ्याला वाटते, व्हायचे ते होऊन गेले. प्रत्यक्षात पाणी निघून गेले तरी भाजणे थांबलेले नसते. वरच्या कातडीने घेतलेली उष्णता खालच्या थरांत उतरत राहते आणि तिथले तापमान साधारण ४४ अंश सेल्सिअसच्या खाली येईपर्यंत पेशींना इजा होतच राहते.

ब्रिटिश शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये भाजलेल्या जखमेचे तीन भाग वर्णिले. मधला भाग मेलेला असतो. तो कोणत्याही उपचाराने परत येत नाही. सर्वांत बाहेरचा, नुसता लाल झालेला भाग बहुधा आपोआप बरा होतो. या दोहोंमधल्या पट्ट्यातील पेशी मात्र जिवंत असतात, पण त्यांचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो, आणि हा पट्टा तगणार की मेलेल्या भागात जमा होणार, हे पुढच्या एक-दोन दिवसांत ठरायचे असते. प्रथमोपचाराची सारी धडपड या पट्ट्यासाठी आहे.

त्यासाठी लागते नळाचे वाहते, गार पाणी, तेही सलग वीस मिनिटे. वीस मिनिटे ऐकायला थोडी वाटतात, पण हात नळाखाली धरून उभे राहिल्यावर ती फार लांबतात. दोन-तीन मिनिटांत आग कमी होते, 'आता बरे आहे' असे म्हणून माणूस हात काढून घेतो आणि थोड्याच वेळात पुन्हा आग होऊ लागते. म्हणून घड्याळ पाहूनच वेळ मोजावी. पाणी मिळायला उशीर झाला, तरी भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो.

पाणी चालू असतानाच भाजलेल्या हाताच्या बोटाकडे पाहा. अंगठी अजून सैल फिरते आहे. थोड्या वेळाने सूज चढेल, अंगठी मांसात रुतेल, बोटाचा रक्तपुरवठा अडेल आणि मग ती कापून काढण्यावाचून गत्यंतर उरणार नाही. घड्याळ, बांगड्या, कमरेचा पट्टा हे सारे आत्ताच उतरवावे. गरम पाण्याने भिजलेले कपडेही काढावेत, कारण ते उष्णता धरून ठेवतात. कातडीला चिकटलेले कापड मात्र न ओढता त्याच्या भोवतीचे कापून घ्यावे.

बर्फ लावू नये. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि ज्या पट्ट्याला रक्त हवे आहे, त्याचेच रक्त तुटते. तेल आणि लोणीही नको. टूथपेस्टबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ती लावल्यावर खरोखर गार वाटते. हा गारवा मेन्थॉलचा असतो. मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवते, कातडीचे तापमान काही उतरवत नाही. वर तो थर खरवडून काढल्याशिवाय डॉक्टरांना जखम दिसत नाही, आणि ते खरवडणे रुग्णाला फार दुखते.

लहान मूल असेल किंवा अंगाचा मोठा भाग भाजला असेल, तर सारे शरीर गार पडण्याचा धोका असतो. अशा वेळी पाणी जखमेपुरतेच ठेवून बाकीचे अंग पांघरुणाने उबदार राखावे.

वीस मिनिटांनंतर जखमेवर अन्न झाकायची पातळ प्लास्टिकची फिल्म अलगद आडवी ठेवावी. हाताभोवती गुंडाळू नये, सूज आल्यावर ती आवळते. फिल्म नसेल तर धुतलेले, तंतू न सुटणारे कापड चालते. फोड फोडू नयेत.

कपड्यांनी पेट घेतला असेल, तर धावल्याने आग भडकते; जमिनीवर आडवे होऊन लोळावे. विजेच्या धक्क्यात आधी वीजपुरवठा बंद करावा, मगच माणसाला हात लावावा. कातडीवर बारीकसा डाग दिसला तरी आतील स्नायूंना आणि हृदयाला इजा झालेली असू शकते, म्हणून दवाखाना टाळू नये. रसायनाने भाजले असेल आणि ते कोरडे असेल, तर आधी झटकावे, मग भरपूर पाण्याने दीर्घकाळ धुवावे.

रुग्णाचा स्वतःचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे १ टक्का. जखम याहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे वा गुप्तांगावर असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. आवाज घोगरा झाला असेल किंवा नाकपुड्यांत काजळी दिसली, तर श्वासमार्ग भाजल्याची शंका घेऊन रुग्णवाहिका बोलवावी. जखम पांढरी, चामड्यासारखी कडक दिसत असून दुखत नसेल, तर दिलासा मानू नये. तिथे वेदना कळवणारे मज्जातंतूच जळालेले असतात.

निघण्यापूर्वी कागदावर एक नोंद करावी: किती वाजता भाजले. मोठ्या भाजण्यात सलाईन किती आणि किती वेगाने द्यायचे, याचा हिशेब रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे, तर भाजल्या क्षणापासून होतो.