मफलर किती आवळायचा?

रविवारची सकाळ, गंगापूर रोड, थंडी मस्त पडलीय, मिसळीसाठी नंबर लावून उभी असलेली गर्दी आणि त्यात मफलर गुंडाळलेले आमचे मामा. एक प्लेट मिसळ खाल्ली की रात्रभर घशाशी आंबट, दोन उशांवर टेकून झोपायचं, ही त्यांची कित्येक वर्षांची कथा. घरात सगळे म्हणायचे पित्त झालंय. पण दोष असतो अन्ननलिका जठरात उतरते तिथल्या झडपेचा, ती सैल पडते आणि ॲसिड वर चढतं. गोळीने ॲसिड कमी होतं, झडप आहे तशीच राहते.

आता मामांचा मफलर बघा. ऑपरेशनमध्ये असंच करतात, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात. रुडॉल्फ निसेन या सर्जनने १९५६ मध्ये ही पद्धत मांडली. (याच निसेनने १९४८ मध्ये आइन्स्टाइनच्या पोटातली फुगलेली महाधमनी सेलोफेनमध्ये गुंडाळली होती. गुंडाळायची हौसच म्हणायची!)

ॲसिड थांबलं, पण काहींचा ढेकरही थांबला. पूर्ण वेढा, तोही आवळलेला, मग गॅस वर येणार कुठून, पोट टम्म. म्हणून पुढची कित्येक वर्षं सर्जन लोक शिकले ते सैल सोडायला. १९६३ मध्ये तुपेने मागून अर्धवट वेढा दिला (नाव आपल्याकडचं वाटतं, पण माणूस फ्रेंच). १९८६ मध्ये डीमीस्टरने ४ सेंटिमीटर रुंदीचा वेढा १ सेंटिमीटरवर आणला, आणि टाके घालताना अन्ननलिकेत दोन सेंटिमीटर जाडीची नळी ठेवायची, म्हणजे आवळायचं म्हटलं तरी आवळता येत नाही. १९९१ पासून हे दुर्बिणीतून होऊ लागलं, चार-पाच छोटी भोकं बस्स. आता झडपेभोवती घालायचं चुंबकाच्या मण्यांचं कडंही निघालंय.

मामांचंही हेच ऑपरेशन झालं. पण त्यांना विचाराल तर ते फक्त त्याआधीच्या नाकातल्या नळीबद्दल बोलतात, चोवीस तास ॲसिड मोजायला घातलेली. दुसऱ्या तपासणीत अन्ननलिकेचा घास खाली ढकलायचा जोर कमी निघाला, म्हणून पूर्ण नाही, तुपेवाला पाऊण वेढा.

काही आठवडे पेज, मग मऊ भात. आज पहिल्यांदा मिसळ, अर्धी प्लेट, तर्री बाजूला. खाऊन झाल्यावर मामांनी भर हॉटेलात खणखणीत ढेकर दिला, आणि एरवी डोळे वटारणाऱ्या मामी चक्क हसल्या.